३९,६५० तास : लंडनच्या हातून युरोपचा बाजार कसा गेला

ब्रिटनने युरोपीय संघात राहावे की बाहेर पडावे, यासाठीचे मतदान २३ जून २०१६ रोजी रात्री दहाला संपले. संघाचे कायदे ब्रिटनला लागू राहण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० रोजी रात्री अकराला संपली. मधले तास मोजले तर ३९,६५० भरतात. लंडनच्या बँका, विमा कंपन्या, दलाल, फंड आणि शेअर बाजार यांचे युरोपशी यापुढे नाते काय राहील, हे ठरवायला एवढा वेळ हाताशी होता. तो कसा गेला, याचा हा घटनाक्रम. प्रत्येक नोंदीच्या वर त्या क्षणी शिल्लक असलेले तास दिले आहेत.

त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचे काही कळणार नाही. संघातल्या कोणत्याही एका देशात परवाना काढलेल्या बँकेला किंवा दलालाला बाकीच्या देशांत वेगळा परवाना न काढता धंदा करता येतो. या हक्काला वित्तक्षेत्रात पासपोर्ट म्हणतात. अमेरिकन, जपानी आणि स्विस बँकांनी लंडनमध्ये बस्तान बसवले, त्यात या हक्काचा वाटा मोठा होता. लंडनमध्ये एक कचेरी थाटायची आणि तिथूनच लिस्बनपासून हेलसिंकीपर्यंत कर्जे द्यायची, रोखे खपवायचे, विमा विकायचा. ब्रिटनची नियामक संस्था असलेल्या फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटीने २०१६ मध्ये आकडे जाहीर केले, तेव्हा पासपोर्ट घेऊन युरोपात धंदा करणाऱ्या ब्रिटनमधल्या संस्था ५,४७६ निघाल्या. उलट दिशेने, युरोपातून ब्रिटनमध्ये धंदा करणाऱ्या ८,००८ होत्या. ब्रिटनमध्ये या क्षेत्रात दहा लाखांहून अधिक लोक काम करतात आणि त्यातले बहुतेक लंडनबाहेर, एडिंबरा, लीड्स, बर्मिंगहॅम, बोर्नमथ अशा शहरांत राहतात. सरकारी तिजोरीतला साधारण दहावा हिस्सा कर इथून येतो. त्यामुळे हा प्रश्न फक्त सुटाबुटातल्या बँकरांचा कधीच नव्हता.

उरले ३९,६५० तास. गुरुवार, २३ जून २०१६, रात्री १०

या मतदानासाठी वृत्तवाहिन्यांनी एक्झिट पोल केलेला नाही. यूगव्ह या संस्थेने त्याच दिवशी घेतलेला कौल दहाच्या ठोक्याला येतो : संघात राहावे ५२ टक्के, बाहेर पडावे ४८ टक्के. बाहेर पडण्याच्या बाजूचे नेते नायजेल फराज यांनीही स्काय न्यूजला सांगून टाकले आहे की, राहणारेच थोडक्यात जिंकतील असे दिसते. चलन बाजाराला एवढे पुरते. पौंड दीड डॉलरच्या वर जातो. २०१६ सालातला हा त्याचा उच्चांक.

लंडनच्या मोठ्या बँकांमध्ये आज चलनाचे सौदे करणाऱ्यांना रात्रभर थांबवून घेतले आहे. त्यातल्या बऱ्याच जणांना दहा वाजता वाटते आहे की जागरण फुकट जाणार.

उरले ३९,६४८ तास. मध्यरात्रीनंतर १२.१६

न्यूकॅसलचा निकाल नुकताच लागला आहे. तिथे राहण्याच्या बाजूला मोठी आघाडी अपेक्षित होती, मिळाले जेमतेम ५०.७ टक्के. आता संडरलंड. हे ईशान्य इंग्लंडमधले गाव जहाजबांधणी बुडाल्यानंतर निसानच्या मोटार कारखान्यावर उभे राहिले, आणि त्या कारखान्याच्या बहुतेक गाड्या निर्यात होतात. युरोपशी व्यापार अडला तर सर्वांत आधी झळ बसेल ती अशा गावाला. तिथले ६१.३ टक्के मतदार सांगतात : बाहेर पडा.

पौंड काही मिनिटांत तीन टक्क्यांहून अधिक घसरतो. स्टॉपलॉस लावलेले सौदे आपोआप सुटू लागतात, त्यातून आणखी विक्री होते. दोन तासांपूर्वी दीड डॉलरला पौंड घेतलेले सगळे आता विकायच्या रांगेत आहेत.

उरले ३९,६४३ तास. पहाटे ४.४०. मुंबईत सकाळचे ९.१०

बीबीसीवर डेव्हिड डिम्बल्बी जाहीर करतात की ब्रिटन संघाबाहेर पडणार.

मुंबईचा बाजार सव्वानऊला उघडतो. म्हणजे ही बातमी आणि दलाल स्ट्रीटवरचा पहिला सौदा यांच्यात पाच मिनिटांचे अंतर आहे. लंडनचा शेअर बाजार उघडायला अजून तीन तासांवर वेळ आहे, त्यामुळे विकायची घाई असलेला पैसा जे बाजार उघडे आहेत तिथे तुटून पडतो. टोकियोचा निक्केई दिवसअखेर जवळपास ८ टक्के खाली बंद होतो. सेन्सेक्स सत्रात हजाराहून अधिक अंशांनी कोसळतो, पुढे सावरतो आणि ६०४ अंशांच्या घसरणीवर बंद होतो. टाटा मोटर्सला मोठा मार बसतो, कारण जग्वार लँड रोव्हरचे कारखाने ब्रिटनमध्ये आणि मोठे गिऱ्हाईक युरोपात. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन बाजाराला रोकड कमी पडू देणार नाही असे सांगतात. या गोंधळात मुंबईची यंत्रणा शाबूत राहिली, ही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे.

पौंड १.३३ डॉलरच्याही खाली गेला आहे. हा १९८५ नंतरचा नीचांक, आणि रात्रीच्या उच्चांकापासून दहा टक्क्यांहून अधिक घसरण, तीही सात तासांत.

उरले ३९,६४० तास. शुक्रवार, २४ जून, सकाळी ८

लंडनचा बाजार उघडतो. फुटसी १०० निर्देशांक पहिल्या काही मिनिटांत ८ टक्क्यांहून अधिक पडतो. बार्कलेज, लॉइड्स आणि आरबीएस या बँकांचे शेअर तीस टक्क्यांच्या आसपास आपटतात. सव्वाआठच्या सुमारास पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून दहा डाउनिंग स्ट्रीटच्या दारात येऊन राजीनाम्याची घोषणा करतात.

त्यानंतर थोड्याच वेळात बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर मार्क कार्नी कॅमेऱ्यासमोर येतात. ते सांगतात की बँकांना लागेल तसा पैसा देण्यासाठी २५० अब्ज पौंडांहून अधिक निधी तयार आहे, आणि मोठ्या बँकांना ठेवावे लागणारे भांडवल २००८च्या संकटाआधीच्या दहापट आहे. हे ऐन वेळी सुचलेले बोलणे नव्हते. निकाल कोणताही लागो, काय करायचे याची आखणी मध्यवर्ती बँकेने महिने आधी केली होती. बाजार सावरू लागतो. फुटसी १०० दिवसअखेर ३.१५ टक्के खाली राहतो. मात्र ब्रिटनच्या अंतर्गत अर्थव्यवस्थेशी जास्त निगडित असलेला फुटसी २५० सात टक्क्यांहून अधिक घसरतो. त्या एका दिवसात जगभरच्या शेअर बाजारांतून सुमारे २ लाख कोटी डॉलरचे मूल्य पुसले गेले.

ब्रेक्झिटची आठवण काढली की लोकांना हीच रात्र आठवते. आलेख तिचे आहेत, छायाचित्रे तिची आहेत. पण या रात्री एकाही बँकेचा एकही परवाना गेला नव्हता. पासपोर्ट सकाळीही चालू होता आणि पुढची साडेचार वर्षे चालू राहिला. जे गेले ते नंतर गेले, आणि चर्चेच्या टेबलावर गेले.

उरले सुमारे ३९,६०० तास. शनिवार, २५ जून

युरोपीय आयोगातले ब्रिटनचे सदस्य लॉर्ड जोनाथन हिल राजीनामा देतात. त्यांच्याकडे खाते होते वित्तीय सेवांचे. संघाच्या बँका, बाजार आणि विमा यांचे कायदे ज्या टेबलावर लिहिले जातात, तिथली मुख्य खुर्ची एका ब्रिटिश माणसाकडे होती. ती लाटव्हियाच्या वाल्दिस दोम्ब्रोव्हस्किस यांच्याकडे जाते. पौंडाच्या घसरणीपुढे ही बातमी आतल्या पानांवर गेली. लंडनच्या दृष्टीने ती त्या आठवड्यातली सर्वांत मोठी हानी होती, असे माझे मत आहे. पौंड वरखाली होत राहतो, ती खुर्ची परत यायची नव्हती.

उरले ३४,६६७ तास. मंगळवार, १७ जानेवारी २०१७

लँकेस्टर हाउस. थेरेसा मे आता पंतप्रधान आहेत. त्या सांगतात की ब्रिटन युरोपच्या एकल बाजारपेठेतही राहणार नाही.

पासपोर्ट हा त्या बाजारपेठेचाच भाग असल्यामुळे त्याचा निकाल या एका वाक्याने लागला. मतपत्रिकेवर तर फक्त संघाचे सदस्यत्व विचारले होते. नॉर्वे संघात नाही, पण एकल बाजारपेठेत आहे आणि तिथल्या बँकांना पासपोर्ट आहे. तो मार्ग मोकळा होता. मे यांनी तो बंद केला तो मुख्यतः स्थलांतरासाठी, कारण एकल बाजारपेठेत राहायचे तर युरोपच्या लोकांना ब्रिटनमध्ये येऊन राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क द्यावा लागतो. राजकीयदृष्ट्या त्यांना दुसरे काही परवडले असते का, यावर वाद होऊ शकतो. पण आपण कशाच्या बदल्यात काय सोडतो आहोत, याचा हिशेब त्या दिवशी देशापुढे मांडला गेला नाही. लंडनमधल्या बँकांनी मात्र तो मांडला, आणि डब्लिन, फ्रँकफर्ट, पॅरिस, लक्झेंबर्ग, ॲमस्टरडॅम इथे जागा शोधायला माणसे पाठवली.

उरले २७,२९३ तास. सोमवार, २० नोव्हेंबर २०१७, संध्याकाळ

युरोपियन बँकिंग अथॉरिटी ही संघाची बँकांवर देखरेख ठेवणारी संस्था लंडनच्या कॅनरी वॉर्फमधल्या वन कॅनडा स्क्वेअर या मनोऱ्यात होती. देश बाहेर पडतो आहे म्हटल्यावर संस्थेलाही घर बदलणे भाग होते. ब्रसेल्समध्ये उरलेल्या सत्तावीस देशांचे मंत्री मतदानाला बसले आहेत. शेवटच्या फेरीत पॅरिस आणि डब्लिन यांना सारखी मते पडतात. मग चिठ्ठ्या टाकतात. चिठ्ठी पॅरिसची निघते.

त्या संस्थेत माणसे दोनशेही नव्हती. पण नियामक जिथे बसतो तिथे त्याला भेटायला येणारे वकील, हिशेबनीस आणि सल्लागार कचेऱ्या घेतात. या खोलीत ब्रिटनला मत नव्हते. लंडनमधून काय आणि कुठे जाणार, हे लंडनला न विचारता ठरण्याची ही पहिली वेळ.

उरले २१,६८४ तास. गुरुवार, १२ जुलै २०१८

इथे जरा थांबायला हवे.

या वर्षाच्या मार्चमध्ये अर्थमंत्री फिलिप हॅमंड यांनी कॅनरी वॉर्फमध्ये भाषण करून एक प्रस्ताव ठेवला होता. दोन्ही बाजूंनी एकमेकांचे नियम मान्य करावेत, मतभेद झाले तर ते मिटवायला संयुक्त यंत्रणा असावी, आणि व्यापार करारात वित्तीय सेवा धरल्या जाव्यात. युरोपचे मुख्य वाटाघाटीकार मिशेल बार्निए यांनी त्याआधीच सांगून ठेवले होते की व्यापार करारातून लंडनला जुन्यासारखा प्रवेश मिळणार नाही, आणि संघाने असा करार कोणाशीही केलेला नाही. आज मे सरकारची श्वेतपत्रिका निघते आणि त्यात हॅमंड यांची मागणी नाही. वस्तूंच्या व्यापारासाठी सरकार युरोपचे नियम पाळायला तयार आहे. वित्तीय सेवांसाठी ते फक्त सुधारित समकक्षता मागते. लंडनच्या वित्तक्षेत्राच्या वतीने बोलणाऱ्या सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनने त्याच दिवशी उघड नाराजी व्यक्त केली.

समकक्षता म्हणजे काय? तिसऱ्या देशाचे नियम आपल्याइतकेच कडक आहेत असा दाखला संघ देतो आणि त्या देशाच्या संस्थांना ठरावीक कामांपुरता प्रवेश मिळतो. हे दाखले विषयवार, सुटे सुटे असतात. सामान्य ठेवी घेणे किंवा गिऱ्हाइकाला कर्ज देणे यांसाठी असा दाखलाच नाही. शिवाय तो संघ एकतर्फी देतो आणि एकतर्फी काढून घेऊ शकतो. स्वित्झर्लंडला याचा अनुभव वर्षभरात येणार होता. संघाशी एका व्यापक करारावरून बिनसले, आणि जून २०१९च्या अखेरीस स्विस शेअर बाजाराची समकक्षता संपू दिली गेली. शेअर बाजाराच्या नियमांत कोणताही दोष निघाला नव्हता. भांडण वेगळे होते, दंड बाजाराला झाला.

घर स्वतःचे असणे आणि मालक म्हणेल त्या दिवशी खाली करायच्या खोलीत राहणे, एवढा फरक पासपोर्ट आणि समकक्षतेत आहे.

मग लंडनने समकक्षतेवर समाधान का मानले? यातला एक पेच खरा होता आणि तो मान्य केला पाहिजे. पासपोर्टसारखा पूर्ण प्रवेश हवा तर ब्रसेल्सचे नियम जसेच्या तसे घ्यावे लागणार होते, आणि ते नियम लिहिताना ब्रिटनला मत नसणार होते. लंडनच्या बाजारात फिरणारा पैसा ब्रिटनच्या सगळ्या अर्थव्यवस्थेच्या कित्येक पट आहे. तिथे एखादी मोठी बँक किंवा सौद्यांची हमी घेणारे क्लिअरिंग हाउस बुडाले तर भुर्दंड ब्रिटिश करदात्याने भरायचा. अशा बाजाराचे नियम दुसऱ्याने लिहावेत, हे बँक ऑफ इंग्लंडला पटणे शक्य नव्हते. कार्नी यांना ते पटले नाही आणि त्यांच्यानंतर आलेल्या अँड्र्यू बेली यांनाही नाही. म्हणजे वित्तक्षेत्राचा सर्वांत वजनदार पाठीराखाच पूर्ण प्रवेशासाठी भांडायला मोकळा नव्हता. सिटीत, म्हणजे लंडनच्या वित्तक्षेत्रातही, एकमत नव्हते. मोठ्या बँकांना प्रवेश हवा होता, हेज फंडांतल्या बऱ्याच जणांना ब्रसेल्सचे नियमच नको होते. मंत्र्यांना दोन्हीकडून वेगवेगळे ऐकू येत होते.

एवढ्यात आणखी एक गुंता वर आला. समजा, २०१५ मध्ये लंडनच्या एका बँकेने जर्मनीतल्या कारखान्याशी पंधरा वर्षांचा व्याजदराचा स्वॅप, म्हणजे व्याजाच्या हप्त्यांच्या अदलाबदलीचा सौदा केला. सौदा केला तेव्हा बँकेकडे पासपोर्ट होता. तो गेल्यानंतर त्या सौद्यात फेरफार करणे, मुदत वाढवणे, तो दुसऱ्याच्या नावे करणे कायदेशीर राहील का? बँक ऑफ इंग्लंडच्या वित्तीय धोरण समितीने जून २०१८ मध्ये इशारा दिला की क्लिअरिंग हाउसमधून न गेलेल्या अशा सौद्यांपैकी दर्शनी मूल्याने २९ लाख कोटी पौंडांपर्यंतच्या सौद्यांना बाधा येऊ शकते. बँकांनी मग राजकारण्यांची वाट पाहिली नाही. जानेवारी २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने बार्कलेजला सुमारे १९० अब्ज युरोंची मालमत्ता आपल्या डब्लिनच्या उपकंपनीकडे वळवायला परवानगी दिली. संघातून बाहेर पडण्याची मुदत आधी मार्च २०१९ची होती, ती एप्रिल, मग ऑक्टोबर, मग जानेवारी २०२० अशी पुढे ढकलली गेली. बँकांसाठी प्रत्येक मुदतवाढ म्हणजे सामान हलवायला मिळालेली सवड होती. हलवाहलव थांबवायचे कारण त्यांना कोणत्याच मुदतवाढीने दिले नाही.

उरले सुमारे ४,४२० तास. मंगळवार, ३० जून २०२०

ब्रिटन ३१ जानेवारीला अधिकृतपणे बाहेर पडला आहे. संक्रमणाचे अकरा महिने चालू आहेत, त्यात जुने नियम आणि पासपोर्ट शाबूत. समकक्षतेची तपासणी जूनअखेर संपवण्याचा प्रयत्न करू, असे दोन्ही बाजूंनी लिहून दिले होते. आज ती मुदत संपते. बार्निए सांगतात की आयोगाने ब्रिटनला २८ प्रश्नावल्या पाठवल्या होत्या आणि भरून आल्या चारच. ब्रिटनचे म्हणणे की प्रश्नावल्या उशिरा आल्या आणि शेकडो पानांच्या आहेत. ज्या देशाचे वित्तीय कायदे अजून संघाच्याच कायद्यांची नक्कल आहेत, त्याला ते कायदे संघाच्या तोडीचे आहेत का हे विचारले जात होते. आयोगाचे उत्तर असे की आज काय आहे हा प्रश्नच नाही, उद्या तुम्ही किती बदलणार ते सांगा. बोरिस जॉन्सन यांच्या सरकारला नेमके तेच आधी बांधून घ्यायचे नव्हते.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत युरोपात राहणाऱ्या ब्रिटिश लोकांच्या हाती बँकांची पत्रे पडू लागतात. लॉइड्सने जर्मनी, नेदरलँड्स, इटली, आयर्लंड, पोर्तुगाल आणि स्लोव्हाकिया इथल्या सुमारे १३,००० ग्राहकांना कळवले की तुमची खाती वर्षअखेर बंद होतील. पेन्शन ब्रिटनमध्ये जमा होते, विम्याचा हप्ता आणि मुलांना द्यायचे पैसे त्याच खात्यातून जातात, आणि खातेदाराचे वय सत्तरच्या पुढे. अशा घरात पासपोर्टिंग हा शब्द पहिल्यांदा या पत्रातून आला असणार.

नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने आपल्या बाजूने युरोपला समकक्षतेचे दाखले दिले. युरोपने दोनच दिले, दोन्ही तात्पुरते : क्लिअरिंग हाउसांसाठी अठरा महिने आणि रोख्यांच्या डिपॉझिटरीसाठी सहा महिने. यामागे औदार्य नव्हते. युरोतल्या व्याजदर स्वॅपचे बहुतांश क्लिअरिंग लंडनच्या एलसीएचमध्ये होते, आणि ते एका रात्रीत तोडले असते तर युरोपच्याच बँका अडचणीत आल्या असत्या.

उरले १७६ तास. गुरुवार, २४ डिसेंबर २०२०, दुपारी ३

नाताळच्या आदल्या दिवशी लंडनचा शेअर बाजार साडेबाराला बंद होतो. तो बंद झाल्यावर अडीच तासांनी करार झाल्याची घोषणा होते. शेवटचे दिवस आणि रात्री मासळीवरून घासाघीस चालली होती. ब्रिटनच्या पाण्यात युरोपच्या बोटींनी किती मासे धरायचे, कोणत्या जातीचे, किती वर्षे. ठरले ते असे : युरोपचा वाटा साडेपाच वर्षांत एक चतुर्थांशाने कमी होईल. मासेमारीचा ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेतला हिस्सा ०.१ टक्क्याच्या आसपास आहे. वित्तीय सेवांचा सात टक्के.

कोळ्यांच्या पोटापाण्याला मी कमी लेखत नाही. किनाऱ्यावरच्या गावाला समुद्र म्हणजे काय, हे कोकणाच्या माणसाला सांगावे लागत नाही. राग आहे तो वाटाघाटीच्या वेळापत्रकावर. कोणत्या माशाला किती टक्के, याच्यावर रात्री गेल्या, आणि दहा लाखांवर लोकांच्या पगाराचा प्रश्न टेबलावर आलाच नाही.

दोन दिवसांनी कराराचा मसुदा प्रसिद्ध होतो. पाने १,२४६. एका जोडपत्रात आधुनिक ईमेल सॉफ्टवेअरचे उदाहरण म्हणून नेटस्केप कम्युनिकेटरचे नाव आहे, जे वापरातून जाऊन कित्येक वर्षे झाली होती. किती घाईत जुने मजकूर उचलून जोडले गेले, ते यावरून कळते. वित्तीय सेवांवर थोडीशी कलमे आहेत. परस्पर नियम मान्य करण्याची व्यवस्था त्यांत नाही, पासपोर्टला पर्याय नाही. सोबतच्या घोषणापत्रात एक आश्वासन आहे : मार्च २०२१ पर्यंत सहकार्याचा सामंजस्य करार ठरवू. २७ तारखेच्या संडे टेलिग्राफमधल्या मुलाखतीत जॉन्सन यांनीच कबूल केले की वित्तीय सेवांबाबत करार कदाचित आपल्याला हवा तितका पुढे जात नाही.

उरले सुमारे ३२ तास. बुधवार, ३० डिसेंबर

सकाळी ब्रसेल्समध्ये सह्या होतात. कागद विमानाने लंडनला येतात. हाउस ऑफ कॉमन्स एकाच दिवसात सगळे टप्पे पार करून करार मंजूर करते : ५२१ विरुद्ध ७३. १,२४६ पानांवर चर्चेला एक दिवस.

उरले साडेदहा तास. गुरुवार, ३१ डिसेंबर, दुपारी १२.३०

लंडनचा बाजार वर्षअखेरीसाठी बंद होतो. जर्मन, फ्रेंच, डच कंपन्यांच्या शेअरचा मोठा व्यवहार आजवर लंडनमधल्या सीबीओई, टर्क्वॉइज आणि ॲक्विस या मंचांवर होत असे. युरोपच्या कायद्यानुसार तिथल्या गुंतवणूक संस्थांनी शेअरचे सौदे संघातल्या किंवा समकक्ष ठरवलेल्या बाजारातच करायचे असतात. लंडनला तो दाखला मिळालेला नाही. म्हणजे फ्रँकफर्टच्या फंड मॅनेजरला सोमवारपासून सीमेन्सचा शेअर लंडनमध्ये घेता येणार नाही.

मंचांना हे दिसत होते. सीबीओईने २०१९ मध्येच ॲमस्टरडॅमला दुसरा बाजार उघडून ठेवला होता, टर्क्वॉइजने तिथेच आणि ॲक्विसने पॅरिसला. त्यामुळे आज कुठे धावपळ नाही. कोविडमुळे कचेऱ्या तशाही रिकाम्या आहेत.

० तास. रात्री ११

ब्रसेल्समध्ये मध्यरात्र, मुंबईत पहाटेचे साडेचार. पासपोर्ट संपतो.

शून्यानंतर ८१ तास. सोमवार, ४ जानेवारी २०२१, सकाळी ८

पहिला व्यवहाराचा दिवस. सुमारे ६ अब्ज युरोंचे रोजचे शेअर व्यवहार लंडन सोडून युरोपातल्या मंचांवर जातात, एका सकाळी. सीबीओई, टर्क्वॉइज आणि ॲक्विस या तिघांचेही युरोपीय शेअर जवळपास पूर्णपणे हलतात. निर्देशांक कोसळत नाही, पौंड हलत नाही, कोणीही निवेदन द्यायला बाहेर येत नाही. जानेवारीच्या सरासरीत ॲमस्टरडॅम रोज ९.२ अब्ज युरोंवर आणि लंडन ८.६ अब्जांवर राहते. शेअर व्यवहारात युरोपचा पहिला क्रमांक लंडनने गमावला. फेब्रुवारीत आयसीई बाजाराने जाहीर केले की युरोपीय कार्बन परवान्यांचा व्यवहारही ॲमस्टरडॅमला जाईल. तो जूनमध्ये गेला.

काही जण म्हणतात की हा सगळा बाऊ होता. त्यांच्या बाजूने आकडे आहेत. मतदानानंतर लाखभर नोकऱ्या जातील असे अंदाज होते. ईवाय या संस्थेच्या २०२२च्या पाहणीत मोठ्या संस्थांनी ब्रिटनमधून युरोपात हलवलेल्या नोकऱ्या सात हजारांच्या आसपास निघाल्या. जगातल्या परकीय चलनाच्या व्यवहारांपैकी ३८ टक्के त्या वर्षीही ब्रिटनमध्येच होत होते. मुंबईतल्या कंपन्यांसाठीही लंडन एका रात्रीत परके झाले नाही. एचडीएफसीने आपले ३,००० कोटी रुपयांचे मसाला बाँड, म्हणजे परदेशात विकलेले रुपयातले रोखे, लंडनच्या बाजारात नोंदवले ते मतदानानंतर काही आठवड्यांतच.

पण त्याच ईवायच्या नोंदीत युरोपात हलवलेल्या मालमत्तेचा आकडा १ लाख ३० हजार कोटी पौंड आहे. माणूस एका जागी आणि हिशेबाचे पुस्तक दुसऱ्या जागी, अशी स्थिती नियामक फार काळ चालू देत नाहीत. युरोपीय मध्यवर्ती बँक तेव्हापासून बँकांना सांगत आली आहे की जोखीम जिथे नोंदवता तिथेच ती सांभाळणारी माणसेही ठेवा. नोकऱ्या हळूहळू जातात, आणि हळूहळू गेलेली नोकरी कोणत्याही बातमीत येत नाही. लंडनमध्ये जी नवी जागा भरलीच गेली नाही आणि पॅरिसमध्ये भरली गेली, ती कोणत्याच आकड्यात धरली जात नाही.

मार्च २०२१ पर्यंत ठरवायच्या सामंजस्य करारावर २७ जून २०२३ रोजी सही झाली. त्याने एक मंच स्थापन केला, जिथे दोन्ही बाजूंचे अधिकारी वर्षातून दोनदा भेटतात. बाजार प्रवेशाचा हक्क त्यात नाही. क्लिअरिंगचा तात्पुरता दाखला जून २०२२ला संपायचा होता, तो २०२५ पर्यंत आणि मग ३० जून २०२८ पर्यंत वाढवला गेला. त्यादरम्यान संघाने असा कायदा केला आहे की युरोपच्या मोठ्या संस्थांनी युरो स्वॅपसाठी संघातल्या क्लिअरिंग हाउसमध्ये सक्रिय खाते ठेवावे आणि काही सौदे तिथून करावेत. २०२८ नंतर लंडनच्या एलसीएचला युरोपची दारे उघडी ठेवायची की नाही, हा निर्णय ब्रसेल्सने घ्यायचा आहे.